फादरांनी हार कबूल केली तेव्हा

तो मंगळवार मी अजून विसरलेलो नाही. देव आहे की नाही, हा तोवर माझ्यासाठी रविवार दुपारचा वादाचा विषय होता. झाशीत पोटभर मराठी बोलायला माणूस मिळत नाही, म्हणून इथल्या चर्चमध्ये वसईकडचे म्हातारे फादर भेटले तेव्हा मी त्यांना सोडलंच नाही. ते शांतपणे सांगायचे, प्रत्येक गोष्टीला कारण असतं, त्या कारणालाही कारण असतं. ही रांग जिथे थांबते तो परमेश्वर. माझा जन्म ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करण्यात गेला, बिघाडाचं मूळ शोधणं हाच धंदा. मी म्हणालो, "देवाला कारण लागत नसेल, तर विश्वालाच लागत नाही म्हणा की. मधे देव कशाला?" फादर गप्प झाले. दोन दिवस मी मिशीला पीळ देत हिंडलो.

आमच्या छोट्या वर्कशॉपात नियम होता, की जिथे उच्च दाबाची वीज सोडून चाचणी घेतात त्या जाळीआड जो जाईल त्याने मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावून किल्ली खिशात ठेवायची. पण कामाला मी आणि रामसेवक मिस्त्री, दोघंच. रोज कोण कुलूप लावत बसणार, म्हणून मीच ती पद्धत मोडीत काढली होती. त्या मंगळवारी मऊरानीपूरच्या एका गिरणीचा ट्रान्सफॉर्मर तपासायचा होता. "हट गए?" मी हाक मारली. उत्तर नाही. चहाला गेला असेल असं धरून मी स्विचला हात घातला, तेवढ्यात फोन वाजला. फादर कामाच्या वेळी कधी फोन करत नसत, म्हणून हात काढून घेतला.

"रविवारी मी नुसताच गप्प बसलो," ते म्हणाले. "तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. हे कबूल केल्याशिवाय मिस्सेची प्रार्थना करायला मन घेईना."

मी खुशीत हसणार, तोच जाळीआड ट्रान्सफॉर्मरच्या टाकीमागून रामसेवकचं डोकं वर आलं. "साहब, पाना भीतरै रै गओ तो," आत राहिलेला पाना दाखवत तो म्हणाला. माझी हाक त्याला ऐकूच गेली नव्हती. फोनवर फादर हाका मारत होते; मी फोन ठेवून आधी मेन स्विचला कुलूप लावलं.

संध्याकाळी चर्चमध्ये जाऊन फादरांना सगळं सांगितलं. वाटलं, आता म्हणतील, पटलं ना? पण ते उठले. "मी फोन उद्या करणार होतो," एवढंच पुटपुटले आणि वेदीपुढे गुडघे टेकले. शेजारी मी कधी टेकले, कळलं नाही.

योगायोग म्हणता येईल. माझा युक्तिवाद आजही मोडलेला नाही. पण बिघाडाचं मूळ शोधलं तर मीच सापडतो, माझा आळस, माझी घमेंड. वाचण्याचं मूळ शोधायला गेलो तर फादरांच्या सच्चेपणापर्यंत पोहोचतो, आणि पुढे माझी अक्कल चालत नाही. तिथे मी वाद सोडला.

दुसऱ्या दिवशी रामसेवकला खरं सांगून माफी मागितली. त्याने हातातला पाना बाकावर ठेवला. मग हळूच म्हणाला, "साहब, अगले महीना हमाई मोड़ी को ब्याव है."

त्याच्या मुलीच्या त्या लग्नात माझ्या पानात तो स्वतः पुऱ्या वाढत होता. मी डोळे मिटून आभार मानले, कुणाचे ते विचारत बसलो नाही.