माजघरातला दुसरा राउटर

बाळंतपणाला मी माहेरी आले होते, लोणीला. पोरगी झाली, बारसंही उरकलं, पण तिच्या बापानं तिला अजून पाहिलं नव्हतं. आमचे हे जहाजावर नोकरीला. जहाज कुठल्याशा बंदराला लागलं होतं आणि तिथल्या सायबर कॅफेतून ते त्या संध्याकाळी बोलणार होते. सकाळी जहाज सुटलं की पुढं कित्येक महिने बोलणं नाही. तोवर पोरगी बसायला लागली असती.

इंटरनेट घरात होतं, पण ओटीवर. टेलिफोनच्या लाइनीचा डबा तिथं, त्याला आप्पांचा कॉम्प्युटर जोडलेला, बिनकॅमेऱ्याचा. कॅमेरा माझ्या लॅपटॉपला, पण त्याचं वायरचं भोक बिघडलेलं, तो बिनवायरचाच चालायचा. आणि ओटीवरच्या डब्याला बिनवायरचं काही येत नव्हतं. त्यात सव्वा महिना होईस्तोवर खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, हा आईचा कायदा.

"अगं, ओटी काय परमुलखात हाय का?" मी म्हटलं.

"असू न्हाईतर नसू. वारं लागलं म्हंजे?"

मग मी आप्पांना मंचरला पिटाळलं. बिनवायरचं चालणारा दुसरा डबा, म्हणजे राउटर, आणायचा, माजघरात ठेवायचा, ओटीवरच्या डब्यापासून त्याला वायर ओढायची. खरं सांगते, डिंकाचे लाडू आणि शेकशेगडीनं माझं डोकं पार आंबून गेलं होतं. कॉलेजात हे सगळं फळ्यावर शिकले होते, हातानं कधी केलं नव्हतं. राउटर हातात आला आणि मला अशी तरतरी आली म्हणता!

बाजेवर बसूनच मी त्याची सेटिंगं केली. कारखान्यातून येताना दोन्ही डब्यांचा पत्ता एकच असतो, म्हणून नव्याला वेगळा दिला. घरातल्या यंत्रांना नंबर वाटायचं कामही त्याच्याकडून काढून घेतलं, ते ओटीवरच्याचं. एका घरात दोन कारभारी कशाला? मग राउटर आईच्या हाती बाहेर पाठवला आणि आप्पांना ओरडून सांगितलं, "वेगळ्या रंगाचं भोक सोडून द्या. बाकीच्यांतलं कुठलंबी चालंल."

माझ्या लॅपटॉपवर इंटरनेट येईना, आणि थोड्या वेळानं ओटीवरच्या कॉम्प्युटरचंही बंद पडलं. आप्पांनी डबे बंद केले, चालू केले. पुन्हा तेच. संध्याकाळ झाली होती. तिकडे हे कॅफेत येऊन बसले असतील, या विचारानं मला रडूच फुटायचं बाकी होतं. तरी डोक्यातला किडा गप्प बसेना. आधी नीट चालत होतं ते बंद का पडावं?

"आप्पा, दिवे कसे दिसतायत?"

"सगळे एकदम लुकलुकतायत, लई जोरात. दोन्ही डब्यांचे."

"वायर नीट बसलीय ना?"

"दोन्हीबी बसल्यात."

"दोन्ही? अवो, म्या एकच सांगितली व्हती!"

"ड्रिपला न्हाई का, टोकाला पाणी कमी पडलं की आपून दुसऱ्या अंगानंबी पाइप जोडतो? म्हनलं हितं बी फोर्स सारखा यील."

मी कपाळावर हात मारला आणि हसायलाच लागले. आप्पांचं काही चुकलं नव्हतं, त्यांच्या शेतापुरतं. पण पाणी जमिनीत मुरतं. इथं एका वायरीनं गेलेलं दुसरीनं परत येतं, पुन्हा जातं, आणि मुरायला जागाच नाही. त्या घिरट्यांनीच दोन्ही डबे चोंदले होते. हे मला परीक्षेत कुणी विचारलं असतं तर घडाघडा सांगितलं असतं. माजघरात डोळ्याआड घडलं तेव्हा कुठं कळलं.

"एक काढा, आप्पा! कुठलीबी!"

दिवे शांत झाले. लॅपटॉपवर खूण आली. आईनं डोईवर पदर घेतला, पोरीला उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं, आणि पडद्यावर हे दिसले. दाढी वाढलेली, कानाला हेडफोन.

"दिसतीय का?" मी विचारलं.

उत्तर नाही. तोंड तसंच, डोळे तसेच. मी परत विचारलं. काही हलेना.

"आप्पा, चित्र अडकलं! ती वायर काढून परत घाला, पटकन!"

आप्पा माजघरात धावले. त्यांचा हात राउटरपाशी पोचला असेल-नसेल, इतक्यात मला पडद्यावर ह्यांचा ओठ थरथरलेला दिसला.

"राहू द्या, आप्पा!" मी ओरडले. "काढू नका! अडकलं नाही. ते बघतायत."