काचेच्या पाटातलं पळसाचं पान

आमच्या गल्लीत कुणी म्हणालं ना, "हिला बाहेरचं झालंय," की मी आधी थर्मामीटर काढते. भास, संकेत, गेलेली माणसं येतात-बितात... असल्या गप्पांत मी कधी बसले नाही. पण जळगावला भरदुपारी जे झालं, ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. म्हणून सांगते.

माझी भाची पूर्वा तिकडे विद्यापीठात पीएच.डी. करते. विषय फ्लुइड मेकॅनिक्स — पाणी, हवा कशी वाहते त्याचा अभ्यास. वाटेत दगड आला की त्याच्यामागे पाणी उलटं का फिरतं, हे ती शोधते. मी म्हटलं, "यात काय शोधायचं? फिरतं तर फिरतं!" तर म्हणे, "फुई, त्यावर पूल टिकतात." आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात.

हा नाद बापाकडून आलेला. माझा धाकटा भाऊ — सगळे त्याला आबा म्हणत — धुळ्याकडे पांझरेकाठी आमच्या गावात पाटकरी होता. बंधाऱ्याचं पाणी बारीबारीने ज्याच्या त्याच्या शेताला द्यायचं, हे त्याचं काम. पाणी सोडलं की पळसाचं पान दुमडायचा, बाभळीचा काटा टोचून त्याची होडी करायचा आणि पाटात टाकायचा. खालच्या शेतवाल्याला पान दिसलं की तो समजायचा, आबानं पाणी सोडलं, आता आपली बारी. पूर्वा त्या पानासोबत काठाने पळायची. पान दगडाआड अडकून गरगरलं की ओरडायची, "आबा, पान का थांबनं?" आबा म्हणायचा, "पानी मांगे वळीसन देखी ऱ्हायनं, बेटा." पाणी मागे वळून बघतंय म्हणे!

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात आबा झोपेतच गेला. तेव्हापासून पोरगी चार लोकांसमोर उभी राहिली की तिची वाचाच बसायची. दोनदा स्टेजवरून तशीच खाली उतरली. या हिवाळ्यात विद्यापीठात संशोधकांचं संमेलन होतं. आदल्या संध्याकाळी मला फोन. "फुई, उद्या पण अडकले ना, तर पीएच.डी. सोडून देते. खरंच सोडते." मी म्हटलं, "सोडशील तेव्हा सोड. सकाळच्या एसटीने मी येते."

हॉलमध्ये तिचा लांबट काचेचा पाट मांडलेला. एका टोकाला टाकी, तोंडाशी बारीक जाळी, मधोमध पांझरेतला गोटा. पंप तेच पाणी फिरवून टाकीत आणतो. मला टाकीशेजारी खुर्ची दिली आणि म्हणाली, "मी मान हलवली की हे बटण दाब. दुसरं कशाला हात लावू नको, फुई."

"म्हणजे मी आता असिस्टंट?"

"बिनपगारी!" हसली खरी, पण ओठ कोरडे पडले होते.

तिचं नाव पुकारलं. तिने मान हलवली, मी बटण दाबलं. पाणी वाहू लागलं. "नमस्कार, माझा विषय..." म्हणाली आणि थांबली. समोर ओळीने सर-मॅडम बसलेले. कुणीतरी खोकलं. पोरीचा चेहरा पांढराफटक. मी मनात म्हणते, बोल गं बाई, काहीही बोल... तिने माईक खाली ठेवायला हात नेला —

आणि जाळीच्या पुढे, पाटाच्या सुरुवातीला, पान आलं.

हिरवंगार पळसाचं पान. दुमडलेलं, काटा टोचलेलं. आबाची होडी! माझ्यापासून हातभर अंतरावरून गेलं. गोट्यापाशी पोचलं, त्याच्या मागे वळलं आणि तिथेच गोल फिरत राहिलं.

पूर्वा बघतच राहिली. मग माईक वर घेतला. "माझे वडील म्हणायचे, पाणी मागे वळून बघतं. का बघतं, ते आज मी तुम्हाला सांगणार आहे."

आणि जी सुटली! आकडे, आलेख, सगळं धडाधड. कळलं मला काही नाही, पण डोळ्यांना धार लागली होती. शेवटी एक सर म्हणाले, "दाखवायला पान वापरायची कल्पना छान हं, मॅडम!" टाळ्या पडल्या.

लोक पांगल्यावर पोरगी माझ्या गळ्यात पडली. "फुई, ते पान तू टाकं ना?"

मी चकित. "मी नै टाकं, पोरी. मला वाटलं, तूच ठेवलंस!"

दोघी वाकून जाळी बघू लागलो. जाळीतून तर चिमूटभर पालाही पुढे जात नाही. माझ्याजवळ कुणी फिरकलं नव्हतं. तुम्ही म्हणाल, बाहेर पळस असेल, कुणी गंमत केली असेल. असेल बाई! पण काटा टोचायची ती रीत आमच्या गावाबाहेर कुणाला ठाऊक? मला स्वतःलाही जमत नाही, माझं पान फाटतं.

पान मी भाकरीच्या रिकाम्या डब्यात ठेवलं आणि तिला चार दिवस धुळ्याला घेऊन निघाले. पारोळ्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. तिथे चहा घेताना एकदम म्हणाली, "फुई, खालच्या शेतवाल्याला पान दिसलं की तो काय करायचा?"

"काय करणार? फावडं घेऊन उठायचा."

"हं," म्हणाली. चहा संपवला, गाइडना फोन लावला आणि म्हणाली, "सर, सोमवारी पुढचं प्रकरण आणून देते."

पान आता वाळून तपकिरी झालंय. काटा तसाच आहे. डबा उघडला की मी अजून विचार करते... आणि अजून काही सुचत नाही.