ऑइल ते ऑइल

सांगलीहून निघताना नवऱ्याने बजावलं होतं, "भावाकडे पाहुणी म्हणून जा, मुकादम म्हणून नको." मी हो म्हटलं. आमच्या घरात माझं 'हो' कुणी मनावर घेत नाही.

धाकटा भाऊ विनय बँकेच्या बदलीने लखनौला आला आणि विकास नगरात रमला. त्याच्या लेकीला, जुईला, मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत. "बुआ, चाय लोगी?" मी म्हणायची, "बुवा देवळात असतात गं. मी आत्या!"

जुईला नुकतंच लायसन्स मिळालं होतं. विनय मात्र म्हणायचा, "ओरखडा जरी आला तरी ही जुनी गाडी विकणार." मी मध्ये पडले आणि मला शहर दाखवायच्या निमित्ताने किल्ली तिच्या हाती आली.

चार दिवस मजेत गेले. थंडीतल्या सकाळी मक्खन मलाई (दुधाचा गोड, केशरी फेस) खाल्ली. जिभेवर ठेवली की गायब! पाचव्या दिवशी वृंदावन योजनेतल्या तिच्या मैत्रिणीकडे निघालो. आलमबागच्या अलीकडे सिग्नल लाल झाला. जुईने ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला गेला.

"बुआ, ब्रेक नहीं लग रहा!"

मी डोळे मिटून घेतले. पोरीने मात्र गिअर उतरवले, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी कडेला घेतली. अमरूदवाल्याच्या (पेरूवाल्याच्या) गाड्यापासून दोन हातांवर थांबलो.

"पहले साँस ले लो, बिटिया," म्हणत त्याने तिखटमीठ लावून पेरू दिला. जुई रडतच होती. "पापा अब कभी चाबी नहीं देंगे."

जवळच्या गॅरेजमधले म्हातारे उस्ताद आले. ब्रेक ऑइलच्या डबीत बोट बुडवून त्यांनी चोळून पाहिलं. "इसमें इंजन का तेल किसने डाल दिया? सारे रबर फूल गए (फुगले)."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आल्या आल्या मीच डबीत ऑइल कमी पाहिलं होतं आणि जिन्याखालच्या कॅनमधलं ओतलं होतं. ऑइल ते ऑइल! करायला गेले गणपती, झाला मारुती.

कुणी पाहिलं नव्हतं. 'जुनी गाडी, चालायचंच' म्हणून मी सुटलेही असते. पण मग पोरीची किल्ली गेलीच असती. लाज वाटत होती, तरी विनयला फोन लावला. "गाडी बिघडवली मी. वाचवली तुझ्या लेकीने."

"ताई, तू?" एवढंच बोलून तो रिक्षाने आला. उस्ताद त्याला म्हणाले, "साहब, हम चला रहे होते, तो अमरूद की चटनी बन जाती." विनय जुईच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला.

सगळे रबर बदलले. परतीच्या दिवशी स्टेशनवर सोडायला जुईच गाडी चालवत होती. शेजारी बसलेला विनय सुरुवातीला प्रत्येक सिग्नलला आपलाच पाय खाली दाबत होता. स्टेशन येईपर्यंत तो पाय पसरून गाणं गुणगुणायला लागला होता.

उतरताना मी म्हटलं, "जाता जाता जरा पाणी बघू का गं गाडीचं?"

"आत्या! बॉनेटला हात लावायचा नाही!"

इमामबाडा बघायचा राहून गेला, पण सांगलीपर्यंत मी हसतच आले. पोरगी मला 'आत्या' म्हणाली की हो!