‘ड’ जीवनसत्त्वाच्या पुड्या आणि गिरिजाताईंचा संताप

डॉ. गिरिजाताईंची आणि माझी पहिली भेट उदगीरला, त्यांच्या दवाखान्यात झाली. मी परिचारिकेच्या जागेसाठी गेले होते. दुष्काळाचे वर्ष होते. हात धुवायच्या पाण्याचीही मारामार. ताईंनी माझी प्रमाणपत्रे बाजूला ठेवली आणि विचारले, "रुग्णाला बरे वाटावे म्हणून खोटे बोलाल का?" मी नाही म्हटले. "मग उद्यापासून या."

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या प्रेमळ स्वभावावर पुष्कळ लिहिले जाईल. मी त्यांच्या रागाविषयी लिहिणार आहे, कारण तो मी जवळून पाहिला आहे.

त्या उन्हाळ्यात उदगीर जिल्हा व्हावा म्हणून चौकाचौकांत फलक लागले होते. आपण जनतेचे किती करतो हे दाखवायची पुढाऱ्यांत चढाओढ होती. त्याआधीच्या दिवाळीपूर्वी एका महिला मेळाव्यात ताई म्हणाल्या होत्या, "अंगात ‘ड’ जीवनसत्त्व कमी असणाऱ्यांत काही कर्करोग जास्त दिसतात. पण त्याच्या पुड्या खाऊन कर्करोग टळतो, हे सिद्ध झालेले नाही. कमतरता निघाली तर औषध जरूर घ्या, हाडांना ते लागतेच." जिल्ह्याच्या मागणीत आघाडीवर असलेल्या एका पुढाऱ्याने त्याच दिवाळीत भरवलेल्या आरोग्य शिबिराच्या पत्रकावर यातले फक्त पहिले वाक्य छापले गेले. शेजारी ताईंचा फोटो, खाली ‘कर्करोगाला कवच’. ताईंना कुणी विचारलेसुद्धा नव्हते! शिबिरात पुड्यांची धडाक्याने विक्री झाली.

हे आम्हाला कळले ते शांताबाईंमुळे. देगलूर रस्त्यावरच्या एका खेड्यातल्या या बाई छातीत गाठ घेऊन आल्या. ताईंनी हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कधीपासून आहे?"

"दिवाळीपासून. लहान हुती तवा."

"मग इतके महिने का थांबलात?"

शांताबाईंनी पदराच्या गाठीतून पत्रक काढले. "तुमचाच फोटू हाय की, बाई. पुड्या खाऊन राहिले तर कॅन्सर होतच न्हाई म्हणले. म्हून बिनघोर हुते."

ताईंनी पत्रक शेवटपर्यंत वाचले. मग त्यांनी हात जोडले. "माझ्या नावावर तुमची फसवणूक झाली. मला माफ करा." ज्यांनी फसवले ते एसी गाडीतून फिरत होते आणि माफी ताई मागत होत्या! आजही ते आठवले की माझे डोके तडकते.

दुसऱ्याच दिवशी ताई मला घेऊन त्याच पुढाऱ्याच्या नव्या शिबिरात गेल्या. पुढाऱ्याने हार पुढे केला. ताईंनी तो घेतला नाही, थेट माईक घेतला. "टँकरच्या रांगेत तासन्‌तास उन्हात उभ्या राहणाऱ्या बायांना तुम्ही उन्हातून फुकट मिळणाऱ्या जीवनसत्त्वाच्या पुड्या विकता? तपासणी न करता? जास्त झाल्या तर मूत्रपिंड बिघडते, हे सांगितले का कुणाला? आणि बायांनो, गाठ लागली तर पुडी नको, त्याच दिवशी डॉक्टरकडे या!" माईक बंद करण्यात आला. ताई तशाच, मोठ्या आवाजात बोलत राहिल्या.

परिणाम काय? ‘नव्या जिल्ह्याच्या विरोधक’ म्हणून ताईंची बदनामी झाली, दवाखान्यावर दगड आले. पुडीवाल्यांना कुणी जाबही विचारला नाही. पण उन्हाळाभर ताई टँकरच्या रांगांत गेल्या. घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांना गाठ कशी तपासायची ते दाखवले. त्यातल्या दोघी वेळेत आल्या आणि लहान शस्त्रक्रियेवर सुटल्या.

शांताबाईंची शस्त्रक्रिया मोठी झाली. लातूरला ताई स्वतः त्यांच्यासोबत गेल्या, केमोच्या दिवसांत त्यांच्यासाठी घरून पेज पाठवली. शांताबाई वाचल्या, मात्र लवकर आल्या असत्या तर स्तन वाचला असता, हे ताईंनी त्यांच्यापासून लपवले नाही.

परवा मला कळले, या ग्रंथासाठी शिबिर भरवणाऱ्या त्या पुढाऱ्याचाही शुभसंदेश आला आहे. संपादकांनी तो अवश्य छापावा. शेजारी माझा हा लेखही छापावा, एक ओळही न गाळता.

ताई, आपल्याला निरोगी शंभरी लाभो, असे सगळेच म्हणतील. माझे मागणे थोडे निराळे आहे. गुडघे थकू देत, चष्म्याचा नंबर वाढू दे. पण आपला आवाज माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत राहो. खोटे विकणारे अजून पुष्कळ आहेत आणि त्यांची प्रकृती उत्तम आहे.