पिशवी काढलेल्या बाईची तपासणी

मोहिनी चांदवडकडची. नवरा गेल्यावर ती नाशिकला आली आणि अंबडच्या एका कारखान्यात लागली. गाड्यांना लागणाऱ्या वायरींच्या जुड्या बांधायचं काम. नाव ठेकेदाराकडे, पण वर्षानुवर्षं लाईन तीच. चाळिशी ओलांडलेली, आवाज मोठा, डब्यातली भाजी आधी दुसऱ्यांना वाढणार. अंगावरून फार जायचं म्हणून तिची गर्भपिशवी काढलेली होती.

ठेका नव्यानं सुरू व्हायच्या आधी बायकांची ‘आरोग्य तपासणी’ व्हायची. पुरुषांची नाही. संडासाबाहेर रांग, प्रत्येकीच्या हातात नावाची डबी, आणि आत गेल्यावर कडी लावायची नाही असा हुकूम. एचआरच्या यशश्री मॅडम नाकाला रुमाल लावून उभ्या असायच्या. जिला दिवस गेल्याचं निघायचं, तिला पुढच्या महिन्यात गेटवरूनच परत पाठवायचे. कारण विचारलं तर, “काम कमी आहे.”

पहिल्याच वेळी मोहिनी म्हणाली, “मॅडम, माझी पिशवीच काढलीय. मला कुठून दिवस जातील?”

“नियम सगळ्यांना सारखा, मोहिनीताई. चला, रांग अडवू नका.”

तिनं डबी भरून दिली. वर ती लघवी मॅडमच्या टेबलावर सगळ्यांसमोर ठेवायची. ते करताना तिला ओकारी आली होती.

मग एके दिवशी शेजारी बसणारी सायली तिला जिन्याखाली घेऊन गेली. नवीन लग्न झालेली पोर. “ताई, मला दिवस गेलेत. ह्यांचं काम सुटलंय. माझ्या डबीत तुमची…” तिनं रिकामी डबी पुढं केली.

मोहिनीनं तिच्याकडे बघितलं. “आण ती डबी,” एवढंच म्हणाली.

सायलीची नोकरी राहिली. पण अशा गोष्टी लपत नाहीत. पुढच्या तपासणीला आणखी दोघी आल्या, नळापाशी, खाली मान घालून. शेजारणीकडं विरजण मागावं तशी त्यांनी लघवी मागितली. मोहिनीनं दिली. घरी येऊन ती अंगावर पाणी ओतत राहिली, तरी अंग स्वच्छ वाटेना. किळस त्या पोरींची नव्हती. ज्यांनी त्यांना इथवर आणलं, त्यांची होती. आणि आपणही त्या घाणीत मुकाट्यानं सामील झालो, याचीही.

“सायले, उद्या पोट दिसायला लागल्यावर माझं काय कामाला येणार हाय?” तिनं विचारलं. सुट्टीच्या दिवशी ती सायलीला घेऊन सीबीएस बसस्थानकाजवळ वकील सुधाताईंकडे गेली.

सुधाताईंनी सगळं ऐकलं. कडीचं ऐकून त्यांनी चष्मा काढून ठेवला. “गरोदर आहे म्हणून बाईला काढता येत नाही. ठेकेदाराची असली तरी नाही. पगारी रजा हा तिचा हक्क आहे. तक्रार करायची?”

“करायची,” मोहिनी म्हणाली. सायलीनं तिचा हात घट्ट धरला होता.

कामगार खात्याकडून नोटीस गेली. कंपनीनं लेखी उत्तर दिलं, आमच्याकडे गर्भाची चाचणी कधीच होत नाही. मोहिनीनं त्या दोघींना साक्षीला बोलावलं. एक म्हणाली, सासू पाठवत नाही. दुसरीनं फोनच उचलला नाही. आणि त्यांच्यापैकीच कुणीतरी लघवीची गोष्ट मॅडमच्या कानावर घातली.

सुनावणीला यशश्री मॅडम जोरात होत्या. “साहेब, या बाईनं कंपनीची फसवणूक केली आहे. दुसऱ्यांच्या डब्यांत स्वतःची लघवी भरली. सायलीची टेस्ट खोटी निगेटिव्ह आली.”

अधिकाऱ्यांनी कंपनीचं उत्तर पुढं ओढलं. “कोणती टेस्ट? तुमच्याकडे तर ती होतच नाही.”

मॅडम ठेकेदाराकडे बघू लागल्या. ठेकेदार खिडकीबाहेर. मोहिनीला हसू यायला हवं होतं. पण एवढ्या शिकलेल्या, नीट साडी नेसलेल्या बाईनं बायकांच्या लघवीवर भांडायला फाईल घेऊन यावं, हे बघून तिला टेबलावरच्या त्या डब्या आठवल्या.

चाचणी बंद झाली. सायलीला पगारी रजा मिळाली. मोहिनीचं काम राहिलं, पण तिची लाईन बदलली. आता ती सोललेल्या वायरींचा कचरा वेचते. तेही सूड म्हणूनच, असं सांगत सुधाताईंनी दुसरी तक्रार केली आहे. ती अजून चालू आहे.

सायलीला मुलगी झाली. पंचवटीत बारसं होतं. साक्षीला न आलेल्या दोघी तिथं पेढ्याचं ताट घेऊन पुढं आल्या. “ताई, तुमच्यामुळं वाचलो बघा.”

“त्या दिवशी तोंडाला काय झालं होतं?” मोहिनीनं विचारलं.

तिनं पेढा घेतला नाही. आत जाऊन सायलीजवळ बसली आणि बाळाला मांडीवर घेतलं.