लागलं की हो म्हणा

तळेगावच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी आमच्या ह्यांना डोळे मिटायला सांगितलं. म्हणाल्या, "पायाला धागा टेकवते. लागलं की हो म्हणा."

पेनासारख्या दांडीला नायलॉनचा जाडसर धागा बसवलेला. मॅडमनी तो अंगठ्याला टेकवला, जरा दाबला, धागा वाकला. मग करंगळीच्या बुडाशी, चवड्याला, मधल्या खळग्यात. डाव्या टाचेला बँडेज होतं, तेवढं सोडून दोन्ही पाय झाले. हे शहाण्या पोरासारखे डोळे मिटून बसलेले.

शेवटी हेच म्हणाले, "मॅडम, करा की सुरू."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

या तपासणीला मोनोफिलामेंट टेस्ट म्हणतात. निघाली ती डायबेटिक न्यूरोपथी. म्हणजे साखरेनं पायाच्या नसा खराब होतात आणि पायाला काय होतंय ते माणसाला कळत नाही. गेलेल्या नसा परत येतील याची आशा ठेवू नका, असं मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

मी टाकवे बुद्रुकची अंगणवाडी सेविका. अख्ख्या गावाला मी सांगत फिरते, अंगावर काढू नका, दवाखान्यात जा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ती मीच. म्हणून हे लिहिते आहे. अनवाणी पळायचं मनात असेल त्यांनी वाचावं, आणि त्यांच्या घरच्यांनी आधी वाचावं.

हे एमआयडीसीत स्टोअरला होते. आठ तास पायात लोखंडी टोपीचे सेफ्टी शूज. कंपनीच्या तपासणीत साखर निघाली, गोळ्या सुरू झाल्या. ह्यांना गोळ्यांचा राग. कुणीतरी मोबाइलवर अनवाणी पळण्याचे व्हिडिओ दाखवले आणि ह्यांना ते फारच पटलं. "आमी मावळातली मान्सं. बापजाद्यांनी बूट बघितलेत का कधी?" म्हणायचे. रोज पहाटे टाकव्याच्या पुलावरून वडेश्वरच्या बाजूला पळायचे. रविवारी लोणावळ्याला अनवाणी पळणाऱ्यांचा गट जमायचा, तिथंही जायचे.

साहित्य म्हणाल तर घर भरलं होतं. पातळ तळव्याचे बूट, सवय होईपर्यंत घालायला. बोटं फाकवायच्या रबरी पट्ट्या. पोटऱ्या रगडायला फोमचा रूळ. आणि अंगणात पत्र्याच्या घमेल्यात बारीक खडी, तळवा घट्ट व्हावा म्हणून तिच्यात उभं राहायचं. पहिल्या महिन्यात खडीत पाय ठेवला की हे ओरडायचे आणि मी हसायचे. दिवाळीपर्यंत त्याच खडीत उभं राहून चहा प्यायला लागले. "बघ, तळवा तयार झाला!" शेजारच्या मावशी बघायला आल्या. मला केवढा अभिमान वाटला होता.

तळवा तयार झाला नव्हता. तळवा मेला होता. हे दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं, एवढंच मला सांगायचं आहे. गटात ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती. त्यांनी तरी का सांगावी, ह्यांनी साखरेचं कुणाला सांगितलंच नव्हतं.

माघात डाव्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. ह्यांना कळलंही नाही, पाय धुताना मला काळा ठिपका दिसला. सुईनं टोकरलं, पण काटा निघेना. आमच्याकडे अशा वेळी बिब्बा घालतात. बिब्बा दाभणाला टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की काट्याच्या जागी चटका द्यायचा. माझ्या आईनं मला दिलाय, मी पोरांना दिलाय. चटका बसला की माणूस पाय ओढून घेतो, तेव्हा आपण थांबायचं. किती द्यायचा याचं मोजमाप तेवढंच.

ह्यांनी पाय ओढलाच नाही.

"लागतंय का?" मी विचारलं.

"न्हाई. दे अजून."

मी अजून दिला. मग अजून. हे मोबाइलवर व्हिडिओ बघत होते. मी कौतुकानं म्हटलं, "लय घट्ट झालाय ओ तुमचा पाय."

आठवड्यानं फरशी पुसताना डाग दिसले, पिवळट, एका पावलाआड एक. कशात पाय घालून आलात म्हणून मीच ह्यांच्यावर खेकसले. त्याच दिवशी ताप चढला. कान्ह्याच्या फाट्यावरून रिक्षा केली आणि तळेगावला गेलो.

पुढचं थोडक्यात सांगते. डिब्राइडमेंट, म्हणजे मेलेलं मांस कापून काढणं, ते तीनदा झालं. डॉपलर, म्हणजे पायात रक्त पोचतंय का ते बघणं. ते जेमतेम पोचत होतं. मग ऑस्टिओमायलायटिस निघाला, म्हणजे संसर्ग टाचेच्या हाडात गेला. दर वेळी मॅडम म्हणायच्या, "दोन दिवस बघू." त्या बाकावर बसून दोन दिवस बघणं काय असतं ते बसलेल्यालाच कळतं. शेवटी पाय गुडघ्याखालून काढला. सही मी केली.

शुद्धीवर आल्यावर ह्यांनी विचारलं, "बिब्ब्यानं झालं का गं?" मी म्हटलं, "काट्यानं." मॅडम तिथंच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. शिकलेल्या असून असं कसं केलंत, असंही त्या मला कधी म्हणाल्या नाहीत. त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. बाकी गावानं ते म्हणून घेतलंच.

तर पळणाऱ्यांनो, रबरी पट्ट्या नंतर घ्या. आधी रक्तातली साखर आणि ही धाग्याची तपासणी करून घ्या. धागा लागला नाही तर अनवाणी पळायचं नाव काढू नका. लागला तर घरात हातात धरायचा आरसा ठेवा, एक टॉर्च आणि बारीक टोकाचा चिमटा. पळून आलात की पाय धुवा, पुसा, आरशात तळवा बघा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. काटा खोल असेल तर दवाखाना. आणि खडी टोचायची बंद झाली तर पेढे वाटू नका. तपासून घ्या.

आमच्याकडे आता हे सगळं आहे. खडीचं घमेलं मी ओढ्यात रिकामं केलं. उजवा पाय अजून आहे, पण त्याच्याही नसा गेलेल्याच. मॅडम म्हणाल्या, "हा टिकेल तितका टिकवायचा." किती, ते मी विचारलं नाही.

रोज सकाळी आंघोळीनंतर हे ओट्यावर उन्हात बसतात. मी आरशात तळवा बघते. मग ह्यांना डोळे मिटायला सांगते आणि मॅडमनी दिलेला धागा टेकवते. मॅडम म्हणाल्या होत्या, याचा आता उपयोग नाही. तरी टेकवते. रोज हे गप्प असतात.

परवा ह्यांनी डोळे मिटले. टाचेशी एक भेग दिसत होती, म्हणून मी आधी टॉर्च लावून ती बघत होते.

"व्हय," हे म्हणाले. "लागलं आज."

धागा माझ्या मांडीवर होता.

"व्हय?" मी म्हटलं. "बरं झालं."