हळदीकुंकवाखालचं अक्षर

कॉम्प्युटरची सिस्टीम बदलण्याआधी आपला प्रिंटर नव्या सिस्टीमवर चालतो की नाही, ते बघायचं असतं. मी बघितलं. दुसऱ्याच प्रिंटरचं बघितलं.

सुरुवात अपमानापासून झाली. माझा कॉम्प्युटर तेरा वर्षांचा. जरा सावकाश उठतो, पण मीही सावकाशच उठतो, त्यामुळे आमचं जमतं. गेल्या वर्षी त्याने रोज सकाळी पडदाभर एक पाटी दाखवायला सुरुवात केली: आपला संगणक नव्या आवृत्तीसाठी पात्र नाही. खाली दोन बटणं. एक, नवीन संगणक घ्या. दुसरं, नंतर आठवण करा. ‘तुम्हाला काय करायचंय’ असं तिसरं बटण असतं तर मी ते रोज दाबलं असतं.

मी उरणच्या बाजूला एका कंपनीत अठ्ठावीस वर्षं नोकरीच्या अर्जांच्या टेबलावर काढली. ‘अपात्र’ हा शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये असायचा. तो मी मारायचो. कोणीतरी लांब बसून माझ्या चालत्या मशीनवर तोच शिक्का मारावा, हे मला सहन होईना.

पनवेलच्या मार्केटजवळ कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक जण आहे, पोरगेलासा दिसतो पण दोन मुलांचा बाप आहे. त्याला विचारलं. तो म्हणाला, “काका, भंगारात टाका. नवा घ्या.”

“का? चालतोय की.”

“चालतोय, पण आता कंपनी त्याच्याकडे बघणार नाही.”

“न बघू दे. माझ्याकडे तरी कोण बघतं?”

तो हसला आणि म्हणाला, मग लिनक्स टाका. फुकट मिळते, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेली सिस्टीम आहे, जुन्या मशीनवर छान पळते. फुकट, हौशी आणि कंपनीच्या नाकावर टिच्चून, या तिन्ही गोष्टी मला एका वाक्यात मिळाल्या. मी खुर्चीतून उठलोच. तो मागून ओरडला, “काका, प्रिंटर चालेल का बघा आधी! सगळे चालत नाहीत!”

आता प्रिंटरचं एवढं महत्त्व का, ते सांगायला हवं.

आमच्या बिल्डिंगच्या गेटवर जवळच्या कोन गावाहून एक मावशी भाजी घेऊन येतात. वीस वर्षं येतायत. भाजीवाली ही त्यांची अर्धी ओळख. त्यांची खरी ओळख अशी की आजूबाजूच्या गावांत लग्न निघालं की त्यांना बोलावणं जातं, कारण त्या धवलारीण आहेत. आगरी लग्नात मांडव उभा राहताना, उंबराची फांदी आणताना, हळद लावताना धवले गातात, आणि ते म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. कागद नाही, पुस्तक नाही, सगळं पाठ. मागच्या वर्षी मावशींच्या घशाचं ऑपरेशन झालं. जोरात बोलायला डॉक्टरांनी बंदी घातली, नुसती कुजबूज उरली. आणि नेमकं त्यांच्या नातीचं लग्न ठरलं. धवले सुनेने म्हणायचे ठरले. सुनेचा गळा चांगला, चालीही तिने उचलल्या, पण शब्द इतके की मध्येच गाडी अडायची. धवला मध्ये अडलेला चांगला समजत नाहीत.

मग मावशी दीड महिना भाजी विकून झाली की वर आमच्याकडे यायच्या, चहा घ्यायच्या आणि कुजबुजत एकेक धवला सांगायच्या. मी टाइप करायचो. बावीस पानं झाली. अक्षर भलंमोठं ठेवलं, कारण सुनेला चष्मा आहे आणि पाहुण्यांसमोर ती तो लावत नाही. शुक्रवारी दुपारी चारला हळद. कागद गुरुवारी द्यायचे, असा माझा शब्द.

आणि मी बुधवारी सिस्टीम बदलली.

बायको म्हणाली, “अहो, ते कागद छापून द्या आणि मग काय घालायचा तो गोंधळ घाला.”

मी म्हणालो, “नव्या सिस्टीमवरचं पहिलं छपाईचं काम धवल्यांचं व्हायला हवं. शुभारंभ.”

शुभारंभ हा शब्द माझ्या तोंडून निघाला की बायको मिक्सर चालू करते. तिने केला.

प्रिंटरचं मात्र मी नीट बघितलं, शप्पथ. प्रिंटर फिरवला, मागच्या पट्टीवरचा नंबर वाचला, कागदावर उतरवला. नेटवर कुठला प्रिंटर चालतो, कुठला नाही याची मोठी यादी आहे. माझा नंबर सापडला. पुढे लिहिलं होतं: उत्तम चालतो, वेगळं काही करावं लागत नाही. मी तो मजकूर बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. दुरुस्तीवाल्याला फोन करूनही वाचून दाखवला. मग धवल्यांची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, जुनी सिस्टीम पुसून टाकली आणि नवी बसवली. खरंच पळायला लागलं हो मशीन. मी खोलीत एक फेरी मारली. विजयाची.

गुरुवारी सकाळी कागद भरले आणि छपाईचा हुकूम सोडला. प्रिंटर घरघरला. पहिलं पान आलं. वर एक ओळ, त्यात उद्गारचिन्हं, दोन चौकोन आणि एक उलटं प्रश्नचिन्ह. खाली सगळं कोरं. दुसरं पान, तसंच. तिसरं तसंच. मी रद्दचं बटण दाबलं, तर तो आणखी जोरात छापायला लागला. शेवटी भिंतीवरची पिनच उपटली. जमिनीवर चाळीसेक कागद पसरले होते आणि प्रत्येकावर एकेक ओळ शिवी दिल्यासारखी.

अकराला दुरुस्तीवाल्याकडे गेलो आणि धवल्यांपासून सगळं सांगितलं. तो म्हणाला, “काका, सोपं आहे. जुनी सिस्टीम परत टाकतो, नाहीतर पेन ड्राइव्ह द्या, मी इथे छापून देतो. आजच द्या बरं का. उद्या दुरुस्तीसाठी सगळ्या गावाची लाइट बंद आहे, नऊ ते पाच.”

इथे कोणीही शहाण्या माणसाने पेन ड्राइव्ह काउंटरवर ठेवला असता. माझा हात खिशात गेलाही होता. पण त्याने पुढे एक वाक्य टाकलं: “मी बोललो होतो ना, प्रिंटर बघा म्हणून.”

हात रिकामाच बाहेर आला. “यादीत चालतो म्हणून लिहिलंय. माझ्याच हातून काहीतरी राहिलंय. संध्याकाळपर्यंत चालवून दाखवतो.”

“काका, मांडव उद्या आहे ना?”

“मांडव उद्या आहे, संध्याकाळ आज आहे.”

घरी आलो तर मावशी सोफ्यावर. बायकोने चाळीस कागद आधीच उचलून पलंगाखाली घातले होते, म्हणजे लाज तिलाही होती.

“झालं कं कागद, भाऊ?” मावशींनी कुजबुजून विचारलं.

“होतच आलेत. उद्या मांडवातच घेऊन येतो, सगळे एकदम.”

मावशींनी चहाचा कप खाली ठेवला. “बगा हां. सुनंचा पयलाच धवला हाय. नवऱ्याकरच्या बाया कान लावून बसतान. अडली तं त्या हसतान, आनी हसला तं ती जल्मात परत तोंड उगडनार नाय. मंग माज्या मागारी कोन नाय.”

त्या गेल्या. मी पुन्हा मशीनसमोर बसलो. एक ड्रायव्हर काढला, दुसरा घातला. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरचं म्हणणं प्रिंटरला समजावून सांगणारा दुभाषा. मी पाच दुभाषे बदलले. पाचव्याने निदान अर्ध्या पानाचं काळं फासून दाखवलं. मी त्यालाही प्रगती म्हटलं.

संध्याकाळी बायको ओलं फडकं घेऊन आली. “निदान पुसून तरी घेते. किती ते हळदकुंकू.”

दसऱ्याला मी घरातल्या यंत्रांची पूजा करतो. स्कूटर, मिक्सर, कॉम्प्युटर, प्रिंटर. पहिल्या वर्षी प्रिंटरच्या पुढच्या बाजूला हळदकुंकू लावलं, तर महिनाभर प्रत्येक कागदाला पिवळी-लाल बोटं उमटली. तेव्हापासून मी ते मागच्या बाजूला, कोणाला दिसणार नाही असं, नंबराच्या पट्टीवर लावतो. नऊ दसरे झाले.

बायकोने फडकं फिरवलं आणि वाकून बघितलं. “अहो, इथे तीन आकड्यांपुढे अजून एक अक्षर आहे की.”

होतं. बारीकसं इंग्रजी अक्षर, नऊ वर्षांच्या भक्तीखाली गाडलेलं. यादी पुन्हा उघडली. तीन आकड्यांचा प्रिंटर उत्तम चालतो. तीन आकडे आणि ते अक्षर, हा वेगळा प्रिंटर. तो फक्त त्याच्या कंपनीच्या सिस्टीमचं ऐकतो. त्याच्यापुढे कोणीतरी एकाच शब्दाचा अभिप्राय लिहिला होता: विसरा.

आठ वाजून गेले होते. मार्केटमधलं दुकान बंद. बायकोने फडकं पिळून दोरीवर टाकलं.

शुक्रवारी सकाळी नऊला लाइट गेली. मी दोन ठिकाणी जाऊन आलो. इन्व्हर्टरवर पंखा चालेल म्हणाले, मोठा प्रिंटर नाही चालायचा. हाताने उतरवून काढावं म्हटलं, तर मजकूर मशीनच्या पोटात आणि मशीन बंद. आता साधा माणूस मावशींकडे जाऊन पाय धरतो. मी विचार केला, कागद नाही म्हणता? ठीक. मशीनच नेतो. मांडवात डीजेचा जनरेटर असतो.

बायकोने कपाळाला हात लावला, पण तोच हात तिने मग गोधडीलाही लावला. मॉनिटर गोधडीत गुंडाळला, कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेतला आणि आम्ही रिक्षाने कोनला निघालो. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, “काका, टीव्ही बिघडला काय?”

“नाही,” मी म्हणालो, “गायला चाललाय.”

त्याने रिक्षा हळू केली. खड्डेही जपून घ्यायला लागला.

मांडवात पोचलो तेव्हा बायका जमल्या होत्या. मावशींनी गोधडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. सून पिवळ्या साडीत बाजूला उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला. डीजेवाल्याला म्हटलं, एक पिन दे. तो म्हणाला, “लोड येल, काका.” मी म्हणालो, तेरा वर्षांचं म्हातारं आहे रे, किती खाणार? त्याने दिली.

पाटावर बसलेल्या नवरीच्या समोर स्टूल, स्टुलावर मॉनिटर. अक्षर मी इतकं मोठं केलं की एका पडद्यावर चारच ओळी. मागे बाजूला मी, पान पुढे सरकवायला वाकलेला. सुनेने चष्म्याशिवाय पहिली ओळ वाचली, घसा साफ केला आणि सुरू केलं. तिच्या मागे दोन बायका ओळ धरायच्या. काय गायली हो. मी सहा पानं सरकवली आणि सातव्याला पडदा काळा झाला.

बिघडला नव्हता. पाच मिनिटं माउसला किंवा बटणाला हात लागला नाही की ही सिस्टीम झोपते, आणि त्या एका पडद्यावरच्या ओळी बायकांनी इतक्या घोळवल्या की तिला डुलकी लागली. सून तोंड उघडं ठेवून थांबली. नवऱ्याकडच्या बायकांतली एक पुढे वाकली. मावशींनी मागच्या दोघींकडे बघून नुसता हात फिरवला, आणि त्या दोघींनी मागचीच ओळ पुन्हा धरली. पुन्हा एकदा धरली. तेवढ्यात मी माउस असा काही हलवला की स्टूल डुगडुगलं. पडदा उजळला. सुनेने ओळ उचलली, जणू तिथेच श्वास घ्यायचा होता.

उरलेली पंधरा पानं मी एका हाताने बटण दाबत आणि दुसऱ्या हाताने माउस गोल गोल फिरवत काढली. कोपऱ्यात हळद वाटत वरवंटा फिरवणाऱ्या बाईने माझ्याकडे एकदा सहानुभूतीने बघितलं.

धवला संपला. अडला नाही. नवऱ्याकडची ती पुढे वाकलेली बाई उठली आणि सुनेला विचारलं, “आमच्या धाकटीचे लग्नाला येशील कं?” सून लाजली आणि हो म्हणाली.

माझी छाती काय फुगली म्हणून सांगू. अपात्र म्हणे. ज्यांनी पाटी लावली त्यांनी येऊन बघावं कोनच्या मांडवात. घरी तो प्रिंटर अजून टेबलावर आहे, त्याच्यावर मी कुंडी ठेवलीय, आणि जुनी सिस्टीम परत टाकलेली नाही. टाकणारही नाही. दुरुस्तीवाला भेटला की मी रस्ता बदलत नाही, तोच बदलतो.

मी वायर गुंडाळत होतो तेव्हा मावशी आल्या. मला वाटलं, आता आशीर्वाद. त्यांनी सुनेच्या हातातला मोबाइल घेतला, माझ्यासमोर धरला आणि डॉक्टरांनी बंदी घातलेल्या आवाजात, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “भाऊ, यवरा वझा उचलून आनलाव, त्यापरीस बुधवारीच पडद्याचा फोटू काडून हिच्या फोनवर धाडला आसता तं तुमची गरजच काय व्हती?”